रमाबाई रानडे

रमाबाई महादेव रानडे (जन्म : २५ जानेवारी १८६२, मृत्यू : १९२४) या महाराष्ट्रातील समाजसेविका, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि पुणे सेवासदन या संस्थेच्या संस्थापक होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि आमच्या आयुष्यातील काही आठवणी या पुस्तकाच्या लेखिका म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु हिंदू घरातील स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविण्याचे त्यांचे कार्य त्या मानाने कमी ठाऊक असते. त्याचे एक कारण त्यांच्या पुस्तकातच आहे. त्यातील कथन १९०१ साली न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. रमाबाईंचे स्वतंत्र सार्वजनिक आयुष्य मात्र त्यानंतरच खऱ्या अर्थाने उभे राहिले.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आणि आता सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या, देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. (महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगावही हेच.) माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलींना अक्षरओळख करून देण्याचा प्रघात घरात नव्हता. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते आणि त्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका अल्पवयीन कुमारिकेशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. ती अनाठायी होती असे म्हणता येत नाही.

या विवाहाने यमुनेची रमा झाली आणि तिच्या शिक्षणास लगेच प्रारंभ झाला. मराठी लिहिणे-वाचणे पतीनेच शिकविले. पुढे शिक्षिकेची योजना झाली आणि मग इंग्रजीही सुरू झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. टोमणे, अबोला आणि कामाची टाळाटाळ करते असा ठपका हे नित्याचेच झाले. इंग्रजी शिकविण्यास मिशनरी बाई येऊ लागल्यावर शिवाशिवीचा प्रश्न उपस्थित झाला. परधर्मीय बाईजवळ बसून शिकलेल्या सुनेने स्नान केल्याशिवाय घरात कशालाही हात लावू नये, असा दंडक घालण्यात आला. रमाबाईंनी तो निमूटपणे पाळला आणि शिकणेही सोडले नाही. घराशी भांडण न करता, परंतु हाती घेतलेले काम न सोडता पुढे जाणे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष येथेच घडला. पुढे रुग्णालयाच्या दारात त्यांना याच सोवळ्याशी पुन्हा गाठ घालावी लागली. तेव्हा त्यांना दुसऱ्यांच्या सुनांसाठी लढायचे होते.

सार्वजनिक जीवनात प्रवेश

रानड्यांच्या बदल्यांमुळे नाशिक, धुळे अशा गावी राहण्याचा योग आला. नाशिक येथे स्त्रियांना एकत्र आणून सभा भरविण्याचा आरंभ त्यांनी केला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. या समाजाच्या कार्यात रमाबाई रानडे यांनी उत्साहाने भाग घेतला. १८८४ साली मुलींसाठी इंग्रजी माध्यमिक शाळा असावी, या मागणीसाठी पुण्यात झालेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून निवेदन वाचले. पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आलेली शाळा याच प्रयत्नांतून निघाली. बाहेर कौतुक आणि घरी जळजळीत बोलणी, असा तो दिवस गेला.

१८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांसाठी एक मंडळ काढून भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम यांचे वर्ग चालविले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंचे वय तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि त्यांना अपत्य नव्हते. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर जवळजवळ कोणत्याही सार्वजनिक कार्यात दिसल्या नाहीत.

त्यानंतर त्या बाहेर पडू लागल्या त्या सभा-संमेलनांसाठी नव्हे. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांकडे त्या नियमाने जात. रुग्णालयांत जाऊन रुग्णांना फळे, फुले आणि पुस्तके देत. तेथील खाटांवर पडलेल्या स्त्रिया आणि त्यांची देखभाल करणारी माणसे यांच्यामधील अंतर त्यांना जवळून दिसले असणार. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष झाल्या.

त्या काळातील रुग्णसेवा

रमाबाईंच्या कार्याचे महत्त्व कळण्यासाठी तेव्हाची स्थिती ध्यानात घेणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली आणि रुग्णसेवेला शिक्षणाचा व शिस्तीचा पाया मिळाला. हिंदुस्थानात १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी लेडी डफरिन यांच्या नावाने निधी स्थापन झाला आणि ठिकठिकाणी स्त्री-रुग्णालये निघाली. अमरावतीचे जिल्हा स्त्री रुग्णालय आजही वऱ्हाडात सर्वसामान्यांच्या तोंडी डफरीन या नावानेच ओळखले जाते. मुंबईत १८८६ साली कामा रुग्णालय सुरू झाले. डॉ. एडिथ पीची यांच्या देखरेखीखाली तेथे परिचारिकांच्या शिक्षणाचाही आरंभ झाला. १८९१ साली काशीबाई गणपत यांनी परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश घेतला. हे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

तरीही विसाव्या शतकाच्या प्रारंभी परिचारिका म्हटली की ती युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असणार, हे लोकांनी गृहीतच धरले होते. हिंदू घरातील, त्यातही उच्चवर्णीय घरातील, स्त्रीने हे काम करणे जवळजवळ अशक्य मानले जाई. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रक्त-पू-मलमूत्र साफ करणे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला भरविणे, रात्रपाळीस घराबाहेर राहणे आणि पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली वावरणे यांपैकी प्रत्येक गोष्ट सोवळ्याच्या आणि अब्रूच्या कल्पनांशी टक्कर घेणारी होती. बाळंतपण गावोगाव सुईणींच्याच हाती होते. चांदूर बाजारसारख्या वऱ्हाडातील बाजारपेठेच्या गावी काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, चित्र फारसे निराळे नव्हते. सुईणीच्या हाताला अनुभव असे, पण जंतुसंसर्ग म्हणजे काय हे तिला कोणी शिकविलेले नसे. सुईण बहुधा खालच्या मानल्या गेलेल्या जातीची असे आणि म्हणून बाळंतिणीला शिवणे हेच हलके काम ठरले होते.

या परिस्थितीचा विचित्र परिणाम असा होई की पुरुष डॉक्टरांपुढे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रिया रुग्णालयात येतच नसत आणि त्यांची सेवा करू शकतील अशा स्वजातीय, स्वभाषिक स्त्रियांना तेथे पाठविण्यास कोणी तयार नसे. एका बाजूस रुग्ण स्त्रिया विनाउपचार राहत, तर दुसऱ्या बाजूस लहान वयात वैधव्य आलेल्या शेकडो मुली घरच्या स्वयंपाकघरात विनामोल राबत. या दोन टोकांची गाठ घालणे हे सेवासदनाचे खरे कार्य ठरले.

सेवासदनाची स्थापना

१९०८ साली पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधमधील न्यायाधीश दयाराम गिदूमल यांनी स्त्रियांसाठी एक सेवागृह काढण्याची आणि भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची कल्पना रमाबाईंपुढे मांडली. या कल्पनेमागील एक धागा थेट नाइटिंगेल यांच्यापर्यंत पोहोचतो. गिदूमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राच्या १८९२ च्या आवृत्तीस नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे. रमाबाईंच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत सेवासदन सुरू झाले आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले. पुण्याचे काम आरंभी रानड्यांच्या वाड्यातच चाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे प्रमुख सहकारी होते. संस्थेचे हिशेब, नियम आणि सरकारदरबारचा पत्रव्यवहार ही बाजू मुख्यतः देवधरांनी सांभाळली. घरोघरी जाऊन बायकांची आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या सासू-सासऱ्यांची मने वळविणे हे काम रमाबाईंचे होते. संस्था दोघांच्याही बळावर वाढली, हे मान्य करूनही दुसरे काम पहिल्याहून अवघड होते असे म्हटले पाहिजे.

पुण्यात तेव्हा याच क्षेत्रात दोन अनुभव ताजे होते. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यास आले होते. तेथील काही विधवांचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याच्या वादातून १८९३ साली रानडे व इतर सल्लागारांनी त्या संस्थेशी असलेला संबंध सोडला होता. दुसरीकडे धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ पासून चालू होता, परंतु स्वतः कर्व्यांनी पुनर्विवाह केलेला असल्यामुळे सनातनी कुटुंबे त्यांच्याकडे संशयाने पाहत. रमाबाई रानडे यांची स्थिती वेगळी होती. त्या स्वतः विधवा होत्या, व्रतस्थ राहत होत्या, देवधर्म पाळीत होत्या. ज्या घरांनी पंडिता रमाबाईंना दार उघडले नसते त्या घरांत त्यांना आसन मिळे. या प्रतिष्ठेचा उपयोग त्यांनी मोठ्या कौशल्याने करून घेतला. त्यांच्या मवाळपणावर काही सुधारकांनी बोट ठेवले आहे. पण परिचारिकांच्या बाबतीत तरी जहाल भूमिकेने एकही मुलगी रुग्णालयापर्यंत गेली असती, असे वाटत नाही.

परिचारिकांचे शिक्षण

पुण्याचे ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६७ साली सुरू झाले होते आणि त्याला जोडूनच बी. जे. वैद्यकीय शाळा होती. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी परिचर्येच्या शिक्षणासाठी या रुग्णालयात पाठविण्यास प्रारंभ केला. काहींना सुईणपणाचे शास्त्रीय शिक्षण मिळाले, तर काही वैद्यकीय शाळेत डॉक्टरकीसाठी गेल्या.

केवळ प्रवेश मिळवून देऊन हे साधण्यासारखे नव्हते. येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना जेमतेम मराठी वाचता येत असे, काहींना तेही नाही. नाडी आणि ताप मोजून तक्त्यावर मांडणे, औषधाच्या बाटलीवरील इंग्रजी नाव वाचणे, मात्रा मोजणे हे त्याखेरीज जमणार कसे? म्हणून सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग चालविले गेले. लग्न झालेल्या आणि विधवा स्त्रियांना मुलींच्या शाळेत लहान मुलींशेजारी बसण्याची लाज वाटे, ती या वर्गांनी दूर केली. लेखन-वाचन, मग थोडे इंग्रजी आणि त्यानंतर रुग्णालय, अशा पायऱ्या तयार झाल्या.

दुसरा प्रश्न राहण्याचा होता. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी संस्थेने स्वतंत्र वसतिगृह काढले, वैद्यकीय विद्यार्थिनींसाठी वेगळे. ही वसतिगृहे हा या योजनेचा गाभाच होता. मुलगी रात्रपाळी करून परतेल ती संस्थेच्या छपराखाली, जेवेल ती ओळखीच्या स्वयंपाकाचे आणि तिच्याकडे लक्ष ठेवणारी वडीलधारी बाई तेथे असेल, एवढी हमी मिळाल्यावर काही घरांचा विरोध ढिला पडला. आज परिचर्या महाविद्यालयाच्या आवारातील वसतिगृह ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नवल वाटत नाही.

विरोध तरीही संपला नाही. संस्थेच्या एका बक्षीस-समारंभात केशवपन केलेली, पदराने डोके झाकलेली एक विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यास पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांतील तरुण विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपास उभ्या राहिलेल्या रमाबाई संतापल्या होत्या. एरवी मवाळ बोलणाऱ्या या बाईंनी त्या दिवशी सुशिक्षित म्हणविणाऱ्या तरुणांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली आणि त्यांच्या स्वतःच्या घरातील विधवा बहिणी, आत्या, माता यांची त्यांना आठवण करून दिली. श्रोते निरुत्तर झाले. ज्या स्त्रीला शुभकार्यात समोर येऊ देत नसत, तिला जाहीर सभेत बक्षीस मिळणे हाच त्या मुलांना विनोद वाटला होता. परिचारिकेच्या शिक्षणाने नेमके काय बदलत होते, हे या प्रसंगावरून जितके कळते तितके अहवालांवरून कळत नाही.

या कार्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. सेवासदनाकडे आलेल्या स्त्रिया प्रामुख्याने ब्राह्मण व अन्य उच्चवर्णीय घरांतील होत्या. पिढ्यान्‌पिढ्या प्रसूतीचे काम करणाऱ्या सुईणींना या नव्या व्यवसायात मानाचे स्थान मिळाले, असे सरसकट घडले नाही. तसेच वैधव्याच्या रूढीवर थेट आघात न करता विधवेच्या सेवाभावाला वळण देण्यावर येथे भर होता. सेवा हा त्याग मानला गेल्याने परिचारिकेच्या वेतनाचा आणि हक्कांचा प्रश्न पुढे बराच काळ मागे पडला, ही टीका त्यामुळे अगदीच निराधार नाही. मात्र स्वतःच्या कमाईवर जगणारी हिंदू विधवा पुणेकरांनी याच मार्गाने पाहिली.

अन्य कार्य

गुजरात-काठेवाडातील दुष्काळात रमाबाईंनी मदतकार्य केले. आळंदीच्या यात्रेत स्त्री-यात्रेकरूंच्या साहाय्यासाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांसह जात. घरंदाज स्त्रियांनी यात्रेच्या गर्दीत सेवेसाठी उभे राहणे ही पुण्याला नवी गोष्ट होती. पुणे नगरपालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलांपुरते न ठेवता मुलींनाही लागू करावे, यासाठी त्यांनी चळवळ केली. १९२१-२२ मध्ये मुंबई प्रांतातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. १९२४ साली त्यांचे निधन झाले.

पुढील वाटचाल

परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा मुंबई प्रांतात १९३५ साली झाला आणि संपूर्ण देशासाठी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये आला. त्यापूर्वी १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात देशभरात सुमारे ७,००० परिचारिका असल्याचे, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे प्रमाण पडत असल्याचे दाखवून दिले होते. सेवासदनाने जेव्हा पहिल्या विद्यार्थिनी ससूनमध्ये धाडल्या त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरची ही स्थिती आहे. आज ग्रामीण भागात उपकेंद्रावर काम करणारी आणि लोकांमध्ये सिस्टर म्हणून ओळखली जाणारी परिचारिका ही बहुतेक कुटुंबांची आरोग्यसेवेशी होणारी पहिली भेट असते. चांदूर बाजार तालुक्यातील खेड्यांतही लसीकरण, गरोदर मातांची तपासणी आणि प्रसूतीनंतरची विचारपूस तिच्याच हातून होते.

सेवासदनाच्या धर्तीवर मध्यप्रांत-वऱ्हाडातही काम सुरू झाले. नागपूरचे सेवासदन १९२७ साली रमाबाई तांबे यांनी स्थापन केले. वऱ्हाडला रानडे दांपत्याच्या विचारांची ओळख त्याआधीच झाली होती. १८९७ साली अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याच्या जोडीने झालेल्या सामाजिक परिषदेत न्यायमूर्ती रानडे यांनी पुनरुज्जीवन आणि सुधारणा यांतील भेद विशद करणारे प्रसिद्ध भाषण केले होते.

लेखन आणि स्मृती

आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. मराठीतील स्त्रियांच्या आत्मकथनांत त्याचे स्थान अग्रभागी आहे. स्वतःविषयी फार न बोलता पतीच्या निमित्ताने एका घराचा, त्यातील ताणांचा आणि सुधारणेच्या किमतीचा आलेख त्यात येतो. सासरच्या स्त्रियांनी दिलेल्या त्रासाची वर्णने त्यात आहेत, पण सूडबुद्धी नाही. पुस्तकाचा एक इंग्रजी अनुवाद अमरावतीत जन्मलेल्या लेखिका व समीक्षक कुसुमावती देशपांडे यांनी केला.

भारतीय टपाल खात्याने १९६२ साली रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. झी मराठी वाहिनीवर २०१२ पासून प्रसारित झालेल्या उंच माझा झोका या मालिकेमुळे त्यांचे बालपण आणि शिक्षणाची कहाणी नव्या पिढीपर्यंत पोहोचली. पुणे सेवासदनाच्या शैक्षणिक संस्था आजही कार्यरत आहेत.